कृत्रिम पाय, सॉकेट आणि कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

हात किंवा पाय गमावल्यानंतरचं रोजचं जगणं आणि समाजमाध्यमांवर अशा माणसांचं होणारं चित्रण, या दोन्हींवर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रं वाचताना जाणवलं की रीलमधलं चकचकीत कार्बनचं पाऊल सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण सॉकेट, म्हणजे उरलेला अवयव ज्यात बसतो ती कडक खोळ, फारसं कुणी पाहिलेलं नसतं. पाय चालतो की टोचतो हे मात्र सॉकेटवरच ठरतं. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या भागाला दवाखान्यात ‘स्टंप’ म्हणतात, इथेही तोच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, वय 58. डावा पाय गुडघ्याखाली काढून तीन आठवडे झाले. मोबाइलवर लोक आठवड्याभरात चालताना दिसतात, आमच्याकडे अजून नुसतं बँडेज. पाय कधी बसेल? दुखू नये म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवतो, ते बरोबर आहे ना? (सातारा)

उशी आजच काढा. गुडघा वाकवून ठेवला की बरं वाटतं, पण मागचे स्नायू त्याच अवस्थेत आखडतात. गुडघा पंचवीस-तीस अंशांत अडकून बसला तर नेहमीचा पाय बसवणं अवघड होऊन जातं. स्टंप गादीवर सरळ राहू द्या. सूज असेल तर खाटेच्या पायथ्याच्या दोन पायांखाली विटा ठेवून अख्खी बाजू उचला. व्हीलचेअरवर बसताना स्टंपखाली फळी हवी, तो लोंबकळता ठेवू नये. दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटं पालथं झोपवा. दम लागत असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उताणं असताना गुडघा गादीत दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. असं दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. पुढे पाय उचलायचं काम मांडीच्या ज्या स्नायूला करायचं आहे, त्याची ही तयारी.

बँडेज ‘नुसतं’ नसतं, सॉकेटची अर्धी तयारी तेच करतं. चार इंची इलॅस्टिक क्रेप घ्या, बहुतेकांना दोन लागतात. गुडघ्याच्या पुढून सुरुवात करून तिरकं खाली यायचं, टोकावरून मागे न्यायचं आणि दुसऱ्या बाजूने तिरकंच वर आणायचं, म्हणजे इंग्रजी आठाचा आकार होतो. ताण टोकाला सर्वांत जास्त, वर येताना कमी कमी. शेवट गुडघ्याच्या वर, चिकटपट्टीने, पिन नको. सरळ गोल वेढे कधीच देऊ नका. वरचा वेढा आवळला की दोर बांधल्यासारखं होतं आणि टोक भोपळ्यासारखं फुगतं. दर चार तासांनी सोडून पुन्हा बांधा, रात्रीही बांधलेलं असू द्या. टोक निळसर पडलं किंवा ठणकायला लागलं तर लगेच सोडा. वडिलांचा रक्तपुरवठा किती आहे त्यावर ताण ठरतो, म्हणून पहिल्यांदा सर्जन किंवा फिजिओथेरपिस्टसमोर बांधून दाखवा. बँडेज धुतल्यावर पिळू नका, आडवं पसरून वाळवा. पिळलं की ताण जातो.

जखम पूर्ण भरून स्टंपची सूज उतरली की माप घेतात. सर्वसाधारणपणे सहा ते बारा आठवडे जातात, मधुमेहात जास्तही. काही ठिकाणी निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर लगेच तात्पुरता पाय लावून थोडं उभं करतात. तेवढीच दहा सेकंदं व्हिडिओत येतात. त्यानंतरही वर्ष-दीड वर्ष स्टंप बारीक होत जातो. पहिलं सॉकेट बदलावं लागणार, हे आत्ताच घरात सांगून ठेवा, म्हणजे तेव्हा ‘पाय खराब निघाला’ असं वाटणार नाही.

आणि उजवा पाय! आता सगळा भार त्याच्यावर आहे आणि मधुमेह दोन्ही पायांना सारखाच असतो. रोज तळव्याखाली आरसा धरून बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. घरातही अनवाणी चालायचं नाही, गरम पाण्याचा शेक नाही, घट्टा ब्लेडने कापायचा नाही.

प्रश्न : पाय नाही, तरी रात्री त्याचा अंगठा मुरगळल्यासारखा ठणकतो. घरचे म्हणतात मनाचे खेळ. (नांदेड)

दुखणं खरं आहे. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा तशीच असते आणि कापलेल्या नसांची टोकं संदेश पाठवत राहतात. अवयव गमावलेल्या बहुतेकांना हे कमी-अधिक जाणवतं. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी 1990च्या दशकात मांडलेली आरशाची पद्धत करून बघा. दोन पायांच्या मधे उभा आरसा असा ठेवा की स्टंप आरशामागे झाकला जाईल आणि शाबूत पाय आरशात दिसेल. नजर आरशातल्या पायावर ठेवून घोटा, बोटं सावकाश हलवा आणि नसलेला पायही तसाच हलतोय असं मनात धरा. रोज पंधरा मिनिटं, निदान चार आठवडे. सगळ्यांना गुण येत नाही, पण अपाय नाही. आरशात बघताना गरगरलं तर थांबा. स्टंपला आधी मऊ सुती कापडाने, मग टॉवेलने, मग बोटांनी टिचक्या मारून सवय लावणं, बँडेज किंवा पाय घातलेला असणं, यानेही ठणका उतरतो.

साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. डॉक्टर गाबापेंटिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात. दोन्हींनी गुंगी येते. अर्धवट झोपेत पाय आहे असं समजून माणूस खाटेवरून उतरतो आणि थेट स्टंपवर पडतो. त्यामुळे कुबड्या हाताला लागतील अशा उशाशी ठेवा आणि पांघरुणात गुंतू नका. स्टंपवरच्या एकाच ठिकाणी टिचकी मारली की विजेसारखी कळ जात असेल, तर तिथे नसेची गाठ असू शकते. लाली, ऊब, पू असेल तर जंतुसंसर्ग. दोन्हींना आरसा उपयोगाचा नाही, दवाखाना गाठा.

प्रश्न : शेती करतो. उजव्या पायाला गुडघ्याखाली जयपूर फूट आहे, दोन वर्षं झाली. सकाळी बरा असतो, दुपारी ढिला होतो आणि नडगीच्या टोकाला सालपटं निघतात. आत कापूस भरतो. यूट्यूबवर दिसतो तसला कार्बनचा पाय घेतला तर थांबेल का? (लातूर)

नाही थांबणार. तुमची तक्रार पावलाची नाही, सॉकेटची आहे. दिवसभर उभं राहिल्यावर स्टंपमधलं पाणी वर सरकतं, तो बारीक होतो आणि सॉकेटमध्ये खाली उतरतो. मग जो भार गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड स्नायुबंधाने घ्यायचा तो नडगीच्या टोकावर येतो. तिथे हाडावर नुसती कातडी असते. कापसाचा गोळा होतो आणि तो नवीच जागा टोचतो. कापूस बंद करा.

त्याऐवजी स्टंपचे सॉक्स ठेवा. ते एक, तीन, पाच प्लायचे (प्लाय म्हणजे जाडीचं माप) मिळतात. सकाळी एक प्लाय घालून निघायचं आणि खिशात दोन ठेवायचे. चालताना आत खाली-वर झाल्यासारखं वाटलं की बांधावर बसून एक वाढवायचा. सॉक्सला सुरकुती आणि टोकाला शिवण नको. एकूण दहा प्लायच्या आसपास गेलात की सॉक्सचं काम संपलं, सॉकेट बदलून घ्यायची वेळ झाली. दोन वर्षांत तुम्ही तिथे पोचला असणार.

पाय काढल्यावर त्वचा वाचायला शिका. वाटीखाली लाली दिसली आणि दहा-पंधरा मिनिटांत गेली तर भार योग्य जागी आहे. नडगीच्या टोकाला, नडगीच्या धारेवर किंवा बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या गाठीवर लाली दिसली आणि वीस मिनिटांनंतरही तशीच राहिली, तर पाय बाजूला ठेवा आणि केंद्रात जा. जाताना नेमकी जागा पेनने खूण करून न्या. टोकाला कातडी जाड, काळपट, चामखिळीसारखी झाली असेल तर टोक सॉकेटच्या तळाला टेकत नाही असा अर्थ होतो. ते मलमाने जात नाही, सॉकेट दुरुस्त केल्यावर जातं.

स्टंप रात्री धुवा, सकाळी नाही. ओलसर फुगलेल्या कातडीवर पाय चढवला की घासतोच. साधा साबण, भरपूर पाणी, टिपून कोरडा. स्पिरिट नको, केस काढू नका. उन्हाळ्यात दुपारी एकदा पाय काढून घाम पुसा आणि सॉक्स बदला. फोड आला तर तो बरा होईपर्यंत पाय घालायचा नाही. हे जिवावर येतं, पण दोन दिवस कुबड्या घेतल्या नाहीत तर पुढे महिना जातो.

पाऊल मात्र तुमच्या कामासाठी उत्तम आहे. 1968 साली जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ते रबराचं बनवलं, कारण तेव्हाच्या परदेशी पावलाला बूट लागायचा आणि त्यावर उकिडवं बसता येत नसे. चिखल, पाणी, मांडी घालणं, उकिडवं बसणं हे या पावलाला चालतं. कार्बनचं पाऊल टाचेतून साठवलेला जोर पुढे परत देतं, सपाट रस्त्यावर वेगाने चालणाऱ्याला ते छान. नांगरटीत त्याचा तो फायदा फारसा मिळत नाही.

चपलेला मागे पट्टा हवा, कारण रबरी बोटं चप्पल पकडू शकत नाहीत. टाचेची उंचीही सारखी ठेवा. जास्त टाचेच्या बुटाने गुडघा पुढे ढकलला जातो आणि वाकतो. जास्त टाचेला बसवलेला पाय सपाट चपलेत घातला तर गुडघा मागे रेटला जातो. नवं पादत्राण घेताना जुनं सोबत नेऊन टाचा शेजारी ठेवून बघा.

प्रश्न : कारखान्यातल्या प्रेस मशीनवर उजवा हात मनगटाच्या वर गेला. रीलमधला बोटं हलणारा हात घ्यावा का? (चाकण)

आधी कामं लिहून काढा, हात मग ठरवा. तीन प्रकार आहेत. दिसण्यापुरता हात हलका असतो, कागद दाबून धरतो, पिशवी अडकवतो. त्याच्या मोज्याला हळदीचे आणि वर्तमानपत्राच्या शाईचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. दुसरा खांद्याच्या पट्ट्याने आणि तारेने चालणारा. त्याला हुक लावला तर तो दिसायला खटकतो, पण वस्तू दिसते, पकड भक्कम असते, तार तुटली तर दुरुस्ती सोपी. वर्कशॉपच्या कामाला आमची पसंती हुकालाच आहे. तिसरा मायोइलेक्ट्रिक. कोपराखालचे स्नायू आवळले की त्यातला सूक्ष्म विद्युत संदेश सॉकेटमधले इलेक्ट्रोड पकडतात आणि मोटर फिरते. तो जड असतो, बॅटरी रोज चार्ज करावी लागते, बहुतेक मॉडेल पाण्यात चालत नाहीत, घामाने इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडला की हात ऐकत नाही. रीलमध्ये अंडं उचलतात ते थंड खोलीत, एकदाच. घेण्याआधी तोच हात दोन-तीन तास लावून स्वतः बटण लावा, डबा उघडा, आणि दुरुस्ती कुठे व किती दिवसांत होते ते लेखी घ्या.

तुम्ही ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) विमाधारक असाल तर कृत्रिम अवयव तिथून मिळतो आणि कायमच्या अपंगत्वाचा लाभ वेगळा असतो. तपासणीसाठी पुण्यात 1944 पासून चालू असलेलं कृत्रिम अवयव केंद्र आणि मुंबईत हाजी अलीची केंद्रीय पुनर्वसन संस्था आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर त्याचा अर्ज आधी करा.

प्रश्न : आमचा ट्रस्ट कृत्रिम पायांचं शिबिर घेतो. देणगीदार आधीचे-नंतरचे फोटो मागतात. कसे काढावेत? (कोल्हापूर)

परवानगी आणि पाय यांची गाठ पडू देऊ नका. माप घ्यायच्या टेबलावर फॉर्म पुढे केला तर कोण नाही म्हणेल? फोटोची संमती पाय न देणाऱ्या वेगळ्या माणसाने घ्यावी, फोटो नको म्हटलं तरी पाय मिळणारच हे पहिल्या ओळीत असावं. फोटो कुठे टाकणार (फेसबुक, अहवाल, फलक) आणि नंतर काढून टाकायचा असेल तर कुणाला फोन करायचा, हेही. मूल असेल तर आईवडिलांची सही आणि मुलाचं स्वतःचं ‘हो’, दोन्ही.

प्लास्टरचं माप घेतात त्या खोलीत कॅमेरा नको, कुठल्याही कारणाने नको. तिथे स्टंप उघडा असतो आणि मांडीतून पाय गेलेल्या माणसाला अंतर्वस्त्रावर उभं राहावं लागतं.

‘आधीचा’ फोटो म्हणून माणसाला जमिनीवर सरपटायला लावू नका. तो एरवी कुबड्यांवर येत असेल तर कुबड्यांवरचाच काढा. बसलेल्याचा फोटो बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून. देणगीदाराच्या नावाची पट्टी पायावर किंवा माणसाच्या हातात नको. समांतर दांड्यांमधली पहिली पावलं टाकायची घाईही करू नका. त्या वेळी पायाचा कोन जुळवायचा बाकी असतो, माणूस लंगडतो, घाबरलेला असतो आणि मागे करुण संगीत चढवलं की ते त्याच्या नावावर कायमचं राहतं. सहा महिन्यांनी त्याच्या कामावर जा. दुकानात, गोठ्यात, रिक्षा स्टँडवर जो फोटो मिळेल तोच खरा ‘नंतरचा’. अंधांसाठी चित्रवर्णन लिहिताना दिसतं तेवढं लिहा: ‘गोठ्यात उभी नऊवारीतली बाई, हातात कडब्याची पेंढी, डाव्या पायात गुडघ्याखाली कृत्रिम पाय.’ ‘हिंमतवान’ हे चित्रात दिसत नाही.

देणगीदारांना एक आकडा द्या: मागच्या वर्षी दिलेल्या पायांपैकी किती आज वापरात आहेत. तो काढायचा तर फोन करावे लागतील, आणि त्याच फोनवर कुणाचं सॉकेट ढिलं झालंय तेही कळेल.

प्रश्न : बातम्यांच्या पोर्टलवर उपसंपादक आहे. ‘अपंगत्वावर मात’ हे शीर्षक चुकीचं का? (नाशिक)

कारण त्यात बातमी नाही. मानसी जोशी यांचा डावा पाय 2011 मध्ये मुंबईतल्या रस्ता अपघातात गेला आणि 2019 मध्ये बासेलला त्यांनी पॅरा-बॅडमिंटनचं एकेरीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. शीर्षकात विजेतेपद आणि खेळ यायला हवा, अपघात चौथ्या परिच्छेदात चालेल. बातमी नोकरीची किंवा घर घेण्याची असेल आणि पायाचा तिच्याशी संबंध नसेल, तर तो उल्लेख गाळा. रोजची साधी कामं करणाऱ्या माणसाला ‘प्रेरणा’ म्हणून टाळ्या वाजवल्या की लिफ्ट का नाही, बसची पायरी इतकी उंच का, हे विचारायचं राहून जातं.

सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 रोजी दिव्यांग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठामार्फत दृश्य माध्यमांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. हीन ठरवणारे शब्द टाळा, अपंगत्वाची थट्टा आणि अपंगत्व समजून घेणारा विनोद यांत फरक करा, दिव्यांगांना निर्मितीत सामील करून घ्या, ही त्यातली मुख्य सूत्रं. निकाल वाचून कार्यालयाची एक पानी शैलीपत्रिका करा. कमेंटकडेही लक्ष द्या. दिव्यांग व्यक्तीला सर्वांसमक्ष हेतुपूर्वक अपमानित करणं हा 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 92 खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं.

प्रश्न : मांडीपासून पाय नाही, रील करते. माझे फोटो उचलून कुणीतरी दुसरं खातं चालवतंय, आणि ‘स्टंपचा व्हिडिओ पाठव’ असे मेसेज येतात. चूक माझी आहे का? (पुणे)

अजिबात नाही. कापलेल्या अवयवाबद्दल लैंगिक आकर्षण असलेले लोक अशी खाती शोधत असतात आणि सर्वाधिक त्रास तरुण मुलींना होतो. ब्लॉक करण्याआधी पुरावा गोळा करा: खात्याची लिंक, मेसेज, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट. मग तोतया खातं म्हणून तक्रार करा, दोन-तीन मैत्रिणींनाही करायला सांगा. आपला फोटो इमेज सर्चमध्ये टाकून अजून कुठे गेलाय ते बघा. पुढचे फोटो टाकताना नावाचा शिक्का कोपऱ्यात नको, तिथला कापून टाकतात. पायावरून आडवा घ्या. अनोळखी मेसेज वेगळ्या फोल्डरमध्ये जातील अशी सेटिंग ठेवा, ठिकाण तिथून निघाल्यावर टाका.

‘कंपनीतून बोलतोय, मोफत पायासाठी उघड्या स्टंपचा व्हिडिओ पाठवा’ असं कुणी म्हटलं तर ते खोटं समजा. फुकट पायासाठी अनोळखी माणसाला मेसेजवर उघडा व्हिडिओ द्यावा लागत नाही, माप केंद्रात समोरासमोर घेतात.

खासगी चित्र बाहेर पडलं असेल किंवा धमकी असेल तर संमतीशिवाय पसरवलेली खासगी चित्रं रोखणाऱ्या ‘स्टॉप एनसीआयआय’ या संकेतस्थळावर त्या चित्राचा संख्यात्मक ठसा (चित्र ओळखायचा आकडा) नोंदवता येतो. चित्र तुमच्याच फोनमध्ये राहतं. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा, पैशांची फसवणूक असेल तर 1930 वर लगेच फोन. बाईचा ऑनलाइन पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, ठाण्यात हे कलम नावानिशी सांगा. रील बंद करायचे की नाही, हा निर्णय त्या माणसांना घेऊ देऊ नका.

प्रश्न : दोन्ही पाय नसलेला जवान, ‘आज माझा वाढदिवस, कुणी शुभेच्छा दिल्या नाहीत’. हे फोटो खरे असतात का? (रत्नागिरी)

अशी बरीच चित्रं एआयने बनवलेली असतात. लाइक गोळा करून समाजमाध्यमावरचं ते पान पुढे विकतात किंवा जाहिरातींना वापरतात. स्टंपवर शस्त्रक्रियेची रेघ नसते, कुबडी हातात विरघळलेली दिसते, गणवेशावरची अक्षरं वाचता येत नाहीत, पान एकाच मजकुराचे वेगवेगळे चेहरे टाकतं. शुभेच्छा न देता तक्रार करा.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, पाय नडगीतून गेलाय. पाय किती दिवस पुरेल? शाळेच्या ग्रुपवर शिक्षिका त्याचे धावतानाचे फोटो टाकतात, टाकू द्यावेत का? (पणजी)

या वयात साधारण दर दोन वर्षांनी नवा पाय लागतो, पण उंची झपाट्याने वाढली तर आधीच. दर तीन महिन्यांनी आरशासमोर उभं करून कमरेची दोन्ही हाडं एका पातळीत आहेत का बघा. कृत्रिम बाजूची खाली झुकली तर पाय आखूड पडलाय. मुलांमध्ये हाडातून पाय कापलेला असेल तर हाडाचं टोक कातडीपेक्षा वेगाने वाढतं. स्टंपचं टोक अणकुचीदार, लाल, ताणलेलं दिसलं तर अस्थिशल्यविशारदांकडे जा, कातडी फुटायची वाट बघू नका.

फोटोचं त्यालाच विचारा, एकांतात, शिक्षिकेसमोर नको. तो हो म्हणाला तर वर्गातल्या बाकीच्या मुलांसारखेच आणि तेवढेच फोटो जावेत. ग्रुपच्या बाहेर, शाळेच्या फेसबुकवर जाणार असतील तर दर वेळी वेगळं विचारावं, असं शिक्षिकेला चिठ्ठीत लिहून द्या.